बाळंतिणीची खोली

दिवाळीत लेकीबाळी माहेरी येतात. अभ्यंगस्नाने आटोपतात, फराळाची ताटे फिरतात, पुरुषमंडळी सोप्यावर पानाच्या तबकाभोवती जमतात. आणि दुपारच्या निवांत वेळी माजघरात बायकांची जी बैठक बसते, तिच्यात विषय कोठूनही निघो, शेवटी तो बाळंतपणावर येऊन थांबतो. कुणाचे मूल पायाळू, कोण अडली होती, कुणाला सुईणीने हात दिला, कुणाला बैलगाडीतून तालुक्याला न्यावे लागले! लढायांच्या आणि तहांच्या तारखा आपण शाळेत पाठ केल्या. हा इतिहास मात्र माजघरातून बाहेर पडलाच नाही.

गेल्या वर्षी भाऊबीजेला आम्ही सारे लोणी देवकरला जमलो होतो. पुण्याहून सोलापूरकडे जाताना इंदापूरच्या अलीकडे हे गाव लागते. आता तेथे औद्योगिक वसाहत झाली आहे, आणि १९८० साली उजनीचे धरण पुरे झाल्यापासून भीमेचे पाणी या बाजूला फुगून आले आहे. आमच्या आत्यांच्या लहानपणी यातले काही नव्हते. त्या आता नव्वदीच्या पुढे आहेत. पण दृष्टी सोडली तर साऱ्या गोष्टी शाबूत. भावाच्या पश्चातही भाच्यांना ओवाळायला त्या आल्या होत्या.

माझ्या पुतणीला तेव्हा सातवा महिना होता. ती पुण्यात नोकरी करते. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितले होते की, हवे असेल तर कळा सुरू झाल्यावर पाठीत एक नळी घालून औषध देता येते. बाई जागी राहते, पण वेदना पुष्कळ कमी होते. "घेऊ की नको?" असे तिने सहज विचारले आणि माजघरात एकच कल्लोळ झाला. तिची आई म्हणाली, "आम्ही काय सोसलं नाही?" सासूबाईंनी निक्षून सांगितले की त्या सुईने जन्मभर कंबर धरते. कुणी म्हणाले, वेदनेशिवाय आईची माया लागत नाही. एकीने खर्च किती येतो ते विचारले. सगळ्या बोलल्या. भिंतीला टेकून बसलेल्या आत्या तेवढ्या गप्प होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "तुला कुणी इचारलं तरी, पोरी. मला कुणी इचारलं न्हवतं."

आत्यांचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे याच घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत झाले. "दोन राती कळा येत हुत्या. सोप्यावर आज्जा बसल्याला, पावणं बसल्यालं. आई म्हनली, आवाज भाईर जाऊ देऊ नगंस. पदराचा बोळा करून तोंडात दिला. त्यो म्या चावून चावून फाडला." एवढे सांगून त्या थांबल्या, आणि मग निराळ्याच आवाजात म्हणाल्या, "सुईण मातर लई मायेची. कढत तेल करून कंबर चोळायची. तिच्या खांद्यावर मान टाकली की बरं वाटायचं." ही सुईण ज्या वस्तीतून आली होती, त्या वस्तीतल्या माणसाला एरवी आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नसे. अडलेल्या घटकेला मात्र घरातल्या लेकीची मान तिच्याच खांद्यावर होती.

आत्यांचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बाळंतिणीच्या वेदनेचे काय करावे, हे आजवर कोण ठरवीत आले? पुण्याला परतल्यावर मी पुस्तके काढून बसले.

पहिली गोष्ट अशी दिसली की, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागृहाचे वर्णन आहे. बाळंतिणीभोवती कोणत्या बायका असाव्यात, तर ज्यांनी स्वतः पुष्कळ मुले प्रसवली आहेत, ज्या मायाळू आहेत, कष्टाला कंटाळत नाहीत आणि जिच्या मनातला खेद घालवू शकतात, अशा. कंबर, कुशी आणि पाठ कोमट तेलाने हळूहळू चोळावी. कळ आली नसताना जोर करू नकोस, असे तिला समजावून सांगावे. याच ठिकाणी एक वादही नोंदला आहे. मूल लवकर सुटावे म्हणून बाईने मुसळ घेऊन उखळात धान्य कांडावे, असे काही जण सांगत. आत्रेयांनी ते साफ नाकारले. अशा वेळी शरीर नाजूक झालेले असते, जड श्रमाने तिचा जीवही जाईल. तिने फार तर मधून मधून चालावे, असा त्यांचा निर्णय आहे. वेदना ही पापाची शिक्षा आहे, असे या प्रकरणात कोठे म्हटलेले नाही. परंतु बाईला स्वतःला काय हवे, हेही कोणी विचारलेले नाही. बोलतात ते वैद्य आणि भोवतालच्या बायका.

ग्रंथात हे असे असले, तरी घराघरांत दुसरेच शास्त्र चाले. कळा सोसणे हा बाईच्या जातीचा भोग, आणि त्या आवाज न करता सोसणे हे कुळशीलाचे लक्षण. जिचा आवाज सोप्यापर्यंत गेला नाही, ती चांगल्या घरची.

युरोपात हा प्रश्न धर्माच्या अंगाने उभा राहिला. एडिंबरोचा डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन याने १८४७ सालच्या जानेवारीत प्रथम ईथर आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म बाळंतिणीला दिले. क्लोरोफॉर्म ज्या बाईला पहिल्याने दिले, तिचे आधीचे बाळंतपण तीन दिवस अडले होते आणि मूल हाती लागले नव्हते. यावर आक्षेप निघाला की, स्त्रीने वेदनेने मुले प्रसवावी, ही तर बायबलात सांगितलेली देवाची आज्ञा. सिम्प्सननेही बायबलच उघडले. आदमची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप लावली होती. मग पहिली भूल दिली कोणी? त्याने यावर एक पुस्तिकाच छापली. डॉक्टरांमध्येही विरोधक होते. कळा बोथट झाल्या तर प्रसूतीच थांबेल, अशी त्यांना भीती होती. क्लोरोफॉर्मने माणसे दगावतही, तेव्हा ती भीती अगदीच पोकळ नव्हती.

वाद मिटविला तो एका बाळंतिणीने. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाला आठवे मूल झाले, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो याने रुमालावर थोडे थोडे क्लोरोफॉर्म टाकून ५३ मिनिटे तिला हुंगविले. राणी बेशुद्ध नव्हती; कळांची धार तेवढी गेली होती. आपल्या रोजनिशीत तिने त्या औषधाला दुवा दिला आहे. १८५७ साली नवव्या खेपेलाही तिने तेच मागितले. राणीने घेतले म्हटल्यावर पाप कसले? पण आधीच्या सात खेपांत राणीलादेखील ही सोय नव्हती. आणि तिने निर्णय घेतला तो राणी होती म्हणून सर्वांनी मानला.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. क्लोरोफॉर्म हिंदुस्थानात यायला वेळ लागला नाही. १८४८ च्या जानेवारीत ते कलकत्त्यास वापरले गेले. १८६० साली पुण्याहून आगगाडी सोलापूरला पोचली; भिगवणच्या माळावरून ती धूर सोडीत जाऊ लागली. त्याच्याही आधी, १८३५ साली, गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी सबंध मुंबई इलाख्यात प्रथम इंदापूर तालुका मोजून जमिनीची प्रत लावली. कोणता माळ किती आण्यांचा, कोणती काळी किती पिकते, याचा हिशेब तीस वर्षांच्या मुदतीने कागदावर आला. त्या जमिनी कसणाऱ्यांच्या बायका कशा बाळंत होतात, हे मात्र कुठल्या तक्त्यात नव्हते. क्लोरोफॉर्मची बाटली छावणीच्या दवाखान्यात आली. माजघरामागच्या खोलीत ती शिरणे शक्य नव्हते, कारण ती धरणारा हात पुरुषाचा होता.

त्या खोलीचा सर्वांत भयंकर प्रकार विधवेच्या वाट्याला येई. फसलेल्या विधवेला ओरडण्याची तर सोडाच, कण्हण्याचीही चोरी. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले आणि विधवांनी येथे गुप्तपणे व सुखरूप बाळंत होऊन जावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, हे त्यांच्या खुषीवर आहे, असे जाहीर केले. १८७४ साली तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत, त्याला फुले दांपत्याने दत्तक घेतले. या घरात भुलीचे औषध होते असे कोणी म्हणणार नाही. पण बाळंतिणीच्या खुषीचा जाहीर उल्लेख आपल्याकडे झाला तो असा.

पुढचे पाऊल एका मुलीने टाकले. १८६५ साली पुण्यात जन्मलेली यमुना, लग्नानंतरची आनंदीबाई जोशी, चौदाव्या वर्षी बाळंत झाली आणि तिचे मूल दहा दिवसांत गेले. वेळेवर उपचार झाले असते तर ते जगले असते, ही सल तिच्या मनातून गेली नाही. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने भाषण केले. हिंदू स्त्री-डॉक्टरांची या देशाला गरज आहे आणि त्यासाठी मी स्वतः पुढे होते, असे तिने तेथे सांगितले. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. पदवीसाठी तिने निबंधाचा कोणता विषय घ्यावा? आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र! जगातले कोणतेही दुखणे तिला निवडता आले असते. तिने बाळंतिणीची खोली निवडली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, ती पुण्यात वारली.

त्याच काळात आणखी एक निरोप समुद्रापार गेला होता. १८८१ साली पन्नाच्या महाराणीने, तिच्यावर उपचार करणाऱ्या मिस बीलबी हिच्याकरवी, येथील बायकांच्या दुखण्याची हकीकत राणी व्हिक्टोरियाला कळविली. स्वतः क्लोरोफॉर्म मागून घेतलेल्या त्या राणीने व्हाइसरॉयच्या पत्नीकडे शब्द टाकला आणि १८८५ साली लेडी डफरिन फंड उभा राहिला. मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय उघडले आणि ते एडिथ पीची या डॉक्टरीणबाईंच्या हाती आले. नवऱ्याच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन असे कोर्टात सांगणाऱ्या रखमाबाई लंडनला शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरतेस बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. निजामाच्या हैदराबादेत डॉक्टर लॉरी यांनी क्लोरोफॉर्मच्या सुरक्षितपणावर १८८८ आणि १८८९ साली दोन मोठ्या चौकशा चालविल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी या जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जातात. बाटली धरणारा हात बाईचा झाला. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन निघाले आणि तेथल्या विधवा व परित्यक्ता ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या. १९१२ साली रास्ता पेठेत लहानशा प्रसूतिगृहाच्या रूपाने आजच्या के. ई. एम. रुग्णालयाचा आरंभ झाला.

या सर्वांची धडपड मुख्यतः जीव वाचविण्याची होती, आणि ते योग्यच होते. ज्या घरात आई किंवा मूल दगावण्याची धास्ती, तेथे दुखण्याचे कौतुक कोण करणार? पण त्यामुळे एक समजूत घट्ट झाली की, जीव वाचला म्हणजे झाले. वेदनेबद्दल बोलणे हे लाडावलेपण.

पश्चिमेकडे मात्र बायका बोलू लागल्या होत्या, आणि त्यांना दोन्ही बाजूंचे धडे मिळाले. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे १९०६ च्या सुमारास मॉर्फीन आणि स्कोपोलामीन देऊन बाळंतपण करण्याची रीत निघाली. 'संधिप्रकाशातील झोप' असे तिचे नाव. १९१४ साली अमेरिकेतील बायकांनी त्यासाठी संघटना काढून सभा गाजविल्या. या औषधाची गंमत अशी की, ते वेदना पुसत नसे, आठवण पुसत असे. बाई तळमळे, ओरडे. तिला इजा होऊ नये म्हणून पलंगाला बांधीत. आणि सकाळी तिला काही आठवत नसे. चळवळीच्या एक पुढारी बाई १९१५ साली स्वतःच्या बाळंतपणात वारल्या. औषधाचा त्यात दोष नव्हता असे डॉक्टरांनी सांगितले, तरी उत्साह ओसरला तो ओसरलाच. उलट १९३३ साली ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने लिहिले की, भीतीने अंग आखडते, अंग आखडले की कळ वाढते. बाईला समजावून सांगा, एकटी सोडू नका, औषधाची गरज पुष्कळदा पडणार नाही. पुष्कळ बायकांना ते पटले. पण त्यातून दुसरीच सक्ती निघाली. औषध मागितले ती भित्री, असे काही ठिकाणी मानू लागले.

या दोहोंपेक्षा मला आवडली ती लिव्हरपूलच्या डॉक्टर मिनिट यांची १९३४ सालची पेटी. तिच्यातून नायट्रस ऑक्साइड वायू हवेत मिसळून येई आणि मुखवटा बाळंतिणीच्या स्वतःच्या हातात असे. कळ आली की तिने तो नाकातोंडावर धरावा. गुंगी जास्त झाली की हात आपोआप खाली पडे आणि वायू बंद होई. कधी घ्यायचे, किती घ्यायचे, हे तिचे तिने ठरवायचे.

पुतणीला डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले ते याच्या पुढचे. कमरेच्या मणक्यांच्या मधून, मज्जारज्जूच्या वेष्टणाबाहेरच्या पोकळीत, केसासारखी बारीक नळी सरकवितात आणि तीतून बधिर करणारे औषध थोडे थोडे सोडतात. एपिड्युरल ते हेच. यात रक्तदाब उतरू शकतो, क्वचित डोके दुखते, शेवटचा जोर करण्याची वेळ लांबते आणि कधी चिमट्याची मदत घ्यावी लागते. मात्र याने शस्त्रक्रियेची पाळी अधिक येते, किंवा कंबर जन्मभर धरते, हे अभ्यासात सिद्ध झालेले नाही. खरी अडचण निराळी आहे. यासाठी भूलतज्ज्ञ रात्रंदिवस हाताशी हवा. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात तो असतो. खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो नसतो. बारामतीला २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. पण गावाकडची बाई सहसा जवळच्या केंद्रात जाते, आणि तिच्यापुढे हा प्रश्नच येत नाही.

जीव वाचविण्याची लढाई आपण बरीच जिंकली, हे खरे. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शंभरापैकी सुमारे ६५ बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ मध्ये ती सुमारे ९५ झाली. पण खोली बदलली तरी जुनी ताकीद सुटली नाही. सोप्यावरचे पाहुणे गेले आणि त्यांच्या जागी वॉर्डाची शिस्त आली. "ओरडू नकोस, तुलाच एकटीला मूल होतंय का?" हे वाक्य ऐकले नाही अशी बाई आमच्या माजघरात त्या दिवशी क्वचितच होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली याविषयी ज्या शिफारशी केल्या, त्या वाचताना मला चरक आणि आत्यांची सुईण दोघेही आठवले. निरोगी बाळंतिणीने वेदनाशमन मागितले तर एपिड्युरल द्यावे, असे तीत आहे. आणि चालणे-फिरणे, पाठ चोळणे, ऊब देणे, तिच्या पसंतीचे माणूस सतत जवळ असणे, हेही आहे. जिवाभावाची सोबत असली की औषधाची गरज कमी पडते आणि बाळंतपण लवकर आटोपते, हे आता प्रयोगांनी ठरले आहे. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांतही अशी सोबतीण आत येऊ द्यावी असे ठरविले. यासाठी भूलतज्ज्ञ लागत नाही. हे लोणी देवकरच्या बाईलाही मिळू शकते, आणि मिळालेच पाहिजे. उरलेली सोय मिळायला वेळ लागेल. पण ती मागणाऱ्या बाईला नाजूक म्हणून हसणे आजपासून बंद करता येईल. तसेच, नको म्हणणारीलाही वेडी ठरवू नये.

पुतणीचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. तिने औषध घ्यायचे नाही असे ठरविले होते. आई जवळ होती, नवरा कंबर चोळीत होता, बाराएक तास ती खोलीत फेऱ्या मारीत राहिली. पहाटे तीनच्या सुमारास ती म्हणाली, "आता पुरे, मला ते द्या." तिची आई, जी माजघरात सर्वांत मोठ्याने बोलली होती, तीच धावत बाहेर गेली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. उजाडता उजाडता मुलगी झाली.

यंदा भाऊबीजेला ती मुलीला घेऊन आली. आत्यांनी चाचपडत नातीचे तोंड कुरवाळले, मग पुतणीचा हात धरून हळूच विचारले, "वरडलीस का गं?"

"ओरडले की, आत्याआजी. चांगली मोठ्यांदा!"

"सोप्यावर कोन हुतं?"

"सासरे होते, मामा होते. सगळ्यांना ऐकू गेलं असेल."

आत्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग मागच्या खोलीच्या बाजूला मान वळवून म्हणाल्या, "बरं झालं," आणि चकलीचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला.